गिरणीवाल्यांची डुबकी

प्रिय मामा,

शिरसाष्टांग नमस्कार नंतर घालते, आधी भांडण.

तुम्ही होतात तोवर तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. केडगावात गाडी थांबली की स्टँडसमोरच्या बोळात तुमचं घर, तिथं पत्र कसलं पाठवायचं? पण परवाच्या रविवारी तुमच्याच घरात एक प्रकार घडला, आणि तो तुम्हाला आप्पांच्या तोंडून कळू नये असं मला वाटतं. आप्पा इतक्यात तिकडे येतील असं नाही, मळ्यातल्या शेवंतीचा तोडा टाकून ते कुठं जातात? तरी पण. माझी बाजू आधी कानावर पडलेली बरी.

म्हणून ड्यूटी उतरल्यावर शिरूर डेपोतल्या आमच्या विश्रांतीच्या खोलीत पंख्याखाली बसून लिहितेय. बाकीच्या दोघी डबा खाता खाता विचारताहेत, कुणाला लिहितेस एवढं? मी सांगितलं, मामाला. आणि पान उलटलं.

आठवतं का, आपली ओळख झाली तीही भांडणानंच! मी नवी कंडक्टर, शिरूर–दौंड गाडीवर. तुम्ही न्हावऱ्याला बहिणीकडे येऊन परत केडगावला निघालेले. न्हावऱ्यातली निम्मी पोरं तुम्हाला मामा म्हणायची, म्हणून मीही म्हटलं, ते कायमचं. तुम्ही माझ्या पाठीमागच्या सीटवर डोळे मिटून बसला होता आणि बोटातल्या अंगठीनं दांडीवर ताल धरला होता. तो दर फेरीला एकाच ठिकाणी अडखळायचा. आमच्या घरात धनगरी गजी नाचाचा ढोल, वडील वाजवायचे, त्यामुळं असलं काही कानावर पडलं की मला राहवत नाही. मी वळून म्हटलं, "मामा, आठवी मात्रा खाताय तुम्ही." तुम्ही डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणालात, "खातोय कशाला? तिथं सातच हायेत. येऊन ऐक येकदा."

आणि मी खरंच आले! सुट्टीच्या रविवारी, कुणाच्याही ओळखीशिवाय, फक्त त्या सात मात्रा खऱ्या की खोट्या हे बघायला. दारात मामी उभ्या. "ह्यांनी बोलावलंय? मग बस बाई, आज काही तू लवकर सुटत नाहीस," असं काहीतरी म्हणाल्या.

प्रोग्रेसिव्ह रॉक हा शब्द मी तुमच्याकडून शिकले. सत्तरच्या दशकातले विलायतेतले ते केसाळ लोक, त्यांचं एक गाणं तबकडीची अख्खी बाजू खातं, मध्येच गाणारा गप होतो आणि वाजवणारे आपल्या तंद्रीत कुठंतरी निघून जातात. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, या लोकांची घरी कुणी वाट बघत नाही का? तुम्ही किती हसलात!

तुम्ही रेल्वेत, दौंडला, गाड्यांच्या डब्यांतले दिवे-पंखे सांभाळणारे. मिशनजवळ राहणारी एक गोरी बाई मायदेशी परत जाताना तबकड्यांचं खोकं तुम्हाला देऊन गेली, कारण तिच्या घरची वायरिंग तुम्ही नीट केली होती. इंग्रजी गाण्यांशी तुमचा संबंध तेवढ्या खोक्यापुरता. पण ते उघडलं आणि तुम्ही बिघडलात. हा मामींचा शब्द, माझा नाही. पुढं तबकड्या माळ्यावर पत्र्याच्या उन्हानं वाकड्या झाल्या, पण त्याआधी तुम्ही सगळ्या कॅसेटींवर उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून आपलं भागलं.

बँडांची खरी नावं आपल्याला ठाऊक होती, पण ती कुणी घ्यायचं नाही. स्वयंपाकघरातून मामी जी नावं ठेवायच्या तीच चिकटली. ज्यांचं गाणं पट्टा चढवलेल्या पिठाच्या गिरणीसारखं घरघरत सुरू होतं ते गिरणीवाले. ज्यांच्यातला एकजण धाप लागेस्तोवर बासरी फुंकतो ते बासरीवाले. ज्यांचा पेटी वाजवणारा पाहुणे जेवायला खोळंबलेत अशा घाईनं वाजवतो ते पेटीवाले. तुम्ही गिरणीवाले. फुलांच्या मळ्यातून थेट येणारे आप्पा आणि मी बासरीवाले. शिरूरचा सलीम, मोबाईल दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून मोटरसायकलवर येणारा, तो एकटा पेटीवाला, आणि एकटा असल्यामुळं सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा.

आणि तुमचा तो नियम! भांडणाला बसायच्या आधी प्रत्येकानं समोरच्याच्या बँडबद्दल एक तरी चांगली गोष्ट बोलायची. तुम्ही त्याला नैवेद्य म्हणायचात. नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही. गिरणीवाल्यांना माझा ठरलेला नैवेद्य होता, "त्यांचं गाणं शेवटी संपतं, हे एक बरंय." तुम्ही म्हणायचात, चालंल, देव भावाचा भुकेला. एकदा तरी त्यांच्याबद्दल काही बरं बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. तुम्ही कधी मागितलं नाहीत आणि मी कधी दिलं नाही.

आप्पांचं तसं नव्हतं. बोलायला फटकळ, पण तुमच्या गिरणीवाल्यांना ते जो नैवेद्य दाखवायचे तो मनापासून. डुबकी.

त्या लांबलचक गाण्याच्या मध्यावरची ती जागा! सगळी वाद्यं जोरात चाललेली असताना एकदम जड व्हायला लागतात. सूर खाली खाली घसरत विहिरीच्या तळाला जातो आणि सगळं गप. कॅसेटची नुसती खरखर. आपण चौघंही श्वास धरून बसलेलो. मग तळाशी काहीतरी हलतं, आवाज वर वर येतो आणि गाणं जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढं चालू लागतं. आप्पा मान डोलवायचे. "येवढी डुबकी तेवढी खरी. बाकी तुमच्या गिरणीत पीठच न्हाई," म्हणायचे. आणि तुम्ही मिशीत हसायचात. मामा, ते हसू मी इतकी वर्षं बघितलं, पण त्याचा अर्थ मला आत्ता लागलाय.

थंडी सरता सरता तुम्ही गेलात. ना आजार, ना काही. सकाळी चहा मागितलात म्हणे, आणि कप मामींच्या हातात तसाच राहिला.

सगळे विधी उरकल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं सवयीनं आलो. मामींनी चहा केला. सलीमनं तुमची कॅसेट लावली. गाणं संपलं, नैवेद्य झाला, आणि पुढं कुणी भांडेचना! सलीम म्हणाला, गिरणीवाले भारी होते. मी म्हटलं, होतेच. आणि आप्पा, आपले आप्पा, सतरंजीकडे बघत म्हणाले, "खरं बोलायचं तर गिरणीवालेच मोठे." तुमच्या दहाव्याला मी रडले नव्हते इतकी त्या एका वाक्याला रडले. मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

असे काही रविवार गेले. आम्ही यायचो, गोड बोलायचो आणि मान खाली घालून निघून जायचो. नुसता नैवेद्य चालला होता, जेवायला कुणी बसत नव्हतं. मग एकदा निघताना मामी दारात आल्या. "आता नका येत जाऊ रं बाबांनो," म्हणाल्या. "तुम्ही नसता तवा घर गप असतंय, ते मी समजून घेती. पर तुम्ही येऊन गप बसता, ते मला सोसत न्हाई."

टेपरेकॉर्डर सलीमनं न्यावा, कॅसेटी वाटून घ्याव्यात, असंही म्हणाल्या. सलीमनं तो नेला नाही, कॅसेटीही कुणी उचलल्या नाहीत. तुमचा मुलगा बडोद्याला, तो नोकरी सोडून किती फेऱ्या मारणार? आठवड्यातून एक दिवस त्या घरात माणसांचा गलका व्हायचा, तोही आता बंद होणार होता. मामींचं कसं होईल या काळजीनं माझं तिकिटांत लक्ष लागेना. एका म्हाताऱ्या बाबांना पारगावच्या ऐवजी दौंडचं तिकीट फाडून दिलं. ते म्हणाले, पोरी, एवढ्या लांब नको गं धाडूस मला.

त्याच आठवड्यात न्हावऱ्याच्या स्टँडवर गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हर चाकाच्या मागं लागला, मी बाकावर बसले आणि मोबाईलवर गिरणीवाल्यांचं तेच गाणं शोधून लावलं. तुमची आठवण आली म्हणून. इतकी वर्षं का नाही लावलं, असं विचाराल. अहो मामा, मी बासरीवाली! स्वतःचा डेटा घालून गिरणीवाल्यांचं कोण ऐकेल? सलीमचंही तेच. आप्पांचा फोन तर बटणांचा, त्यात फुलांचा भाव आणि लेकीचा आवाज एवढंच येतं.

गाणं घरघरत सुरू झालं. मध्य जवळ आला. मी श्वास धरला. डुबकी आलीच नाही.

गाणं सरळ पुढं निघून गेलं! मला वाटलं, माझा मोबाईलच गंडलाय. पुन्हा लावलं, पुन्हा सरळ. दुसरीकडून शोधून लावलं, त्यातही नाही. चाक बसलं, ड्रायव्हर हाका मारतोय, पॅसेंजर वैतागलेत आणि मी बाकावर भूत बघितल्यासारखी बसलेली. म्हणजे डुबकी गिरणीवाल्यांची नव्हतीच? मग आपण इतकी वर्षं काय ऐकत होतो?

सुट्टी मिळाली तशी आप्पांच्या मळ्यावर गेले. वाटेत म्हटलं, आता आप्पांना आवरायचं कुणी? गिरणीवाल्यांतली एकुलती एक चांगली गोष्ट, तीही त्यांची नाही! आप्पा फुलांची पाटी डोक्यावर घेऊन नाचतील, असं मला वाटलं. त्यांनी हात धोतराला पुसले, इअरफोन कानात घातले आणि डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. मग इअरफोन गुंडाळून माझ्या हातात दिले आणि बांधावर बसले.

"मंदे, कुणाला सांगू नगंस हे."

मी विचारलं, का हो? तुम्ही जिंकलात की.

"मामा न्हाईत. आता जिकून करू काय?" म्हणाले, आणि उठून पुन्हा फुलं तोडायला लागले. पण कळ्याच तोडत होते. मी सांगितलं तेव्हा थांबले.

आप्पांनी मामींसाठी शेवंती बांधून दिली होती, ती द्यायला तुमच्या घरी गेले. सांगायचं नाही असं ठरवूनच गेले. पण मामींपुढं माझ्या पोटात काही कधी राहिलंय? चहा हातात घेतला आणि सगळं बोलून टाकलं. मला वाटलं, मामींना वाईट वाटेल. मामी हसायला लागल्या! तुम्ही गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"लाईट गेली व्हती गं," म्हणाल्या. "दौंडाच्या क्वार्टरात. तबकडी लाईटवर आन् टेप सेलवर. तबकडी फिरायची थांबली, टेप आपला चालूच. लाईट आली तशी तबकडी पुन्हा फिराया लागली. ह्यांनी कपाळाला हात लावला. पुसतो म्हनले आन् नव्यानं भरतो. मी तवा नवी नवरी, ह्यांच्याम्होरं बोलायची बी चोरी. पर त्यांनी माघारी फिरवून वाजवलं, तवा मी म्हनलं, राहू द्या की. कुनीतरी बुडी मारून परत वर आलंय, असं वाटतंय."

आणि तुम्ही राहू दिलंत! लग्नानंतर तुमच्या त्या गाण्यांबद्दल मामी बोलल्या ती पहिली गोष्ट, असंही त्यांनी सांगितलं.

मामा, याला काय म्हणायचं? रेल्वेचे दिवे सांभाळणारा माणूस, आणि स्वतःच्या घरातली लाईट गेली ती आमच्यापासून लपवून ठेवली! आप्पा मनापासून गिरणीवाल्यांना नैवेद्य दाखवतात आणि तो जातो मामींच्या पानात, हे बघून तुम्हाला किती गुदगुल्या होत असतील! म्हणून मिशीत हसायचात होय! रागवायचं मनात होतं, पण मलाही हसूच आलं.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. मामींना तुम्ही एकदाही बाहेर बोलावून आमच्यात बसवलं नाहीत. आम्हीही नाही बसवलं. आतून त्या नावं ठेवत राहिल्या, आम्ही ती नावं घेऊन भांडत राहिलो, आणि बैठकीत माणसं मोजताना आपली चारच. चहा मात्र पाच कप व्हायचा. हे बरं नाही केलंत.

निघताना मी मामींना विचारलं, मामांनी हे आम्हाला कधी सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "मी म्हनायची, सांगा की एकदा. तर म्हनायचे, सांगितलं की भांडान मिटंल. भांडान मिटलं की मानसं यायची थांबत्यात."

हे ऐकून मी गाडीत बसले आणि केडगाव ते न्हावरे तेवढंच डोक्यात घोळवत राहिले. ड्यूटीवर नव्हते, म्हणून बरं.

तर परवाचा रविवार. आप्पांना आणि सलीमला मी सांगितलं, एकदाच या. आप्पांना लाईट गेल्याची गोष्टही फोनवर सांगितली. मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, गप बसणार असाल तर येऊ नका. मी म्हटलं, ते माझ्याकडं लागलं. आणि या वेळी मामींना स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही, तुमच्या खुर्चीवर बसवलं. अवघडल्या, पण बसल्या.

कॅसेट वाजली. डुबकी आली. ठाऊक असूनही माझा श्वास आपोआप थांबला, आणि आप्पांचाही थांबलेला मी बघितला. गाणं संपलं. सलीमनं गोड सुरात सुरुवात केली, मामांचे गिरणीवाले म्हणजे... मी त्याला तिथंच तोडलं. म्हटलं, सगळ्यांनी ऐका, आजपासून मी गिरणीवाली. बासरीवाल्यांचा मला वीट आलाय. तो माणूस बासरी वाजवतो की चूल फुंकतो?

आप्पांना पहिल्यांदा वाटलं मी चेष्टा करतेय. मग मी बासरीवाल्यांची एकेक गाणी काढून सोलायला लागले. तुमचेच सगळे जुने मुद्दे, मामा. मला पाठ होते, इतकी वर्षं त्यांना उत्तरं देत आले होते ना! आप्पा लाल व्हायला लागले. दोन वेळा तोंड उघडून मिटलं. तिसऱ्या वेळी त्यांचा बांध फुटला.

"फितूर झालीस व्हय गं! आन् कशाच्या जिवावर? ती डुबकी तुमच्या गिरणीवाल्यांची हायेच न्हाई. लाईट बोर्डाची हाय ती!"

सलीमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तो बोटांवर हिशोब करत म्हणाला, म्हणजे गिरणीवाले बाद, बासरीवाल्यांची एक बाई फुटली, तर पेटीवाले आपोआप जिंकले. त्यावर आप्पा त्याच्यावर तुटून पडले. मी आप्पांवर. मी म्हटलं, बोर्डानं नुसती लाईट घालवली, ती जागा ठेवली कुणी? मामींनी. आणि मामी कुणाच्या घरच्या? गिरणीवाल्यांच्या! म्हणजे डुबकी आमचीच.

आम्ही तिघांनी मामींकडे बघितलं. मामींनी पदर सावरला.

"मला ईचारताय व्हय?" म्हणाल्या. "मला तर पयल्यापासनं पेटीवालेच आवडत्यात."

मामा, तुम्ही हवे होतात! सलीमनं उठून त्यांच्या पाया पडून घेतलं. आप्पा कपाळावर हात मारून म्हणाले, मामांच्या घरातच फूट व्हती तर. ओट्यावर चहा उतू गेला, शेजारची बाई काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहिली. मामी आम्हाला "हळू बोला, हळू बोला" म्हणत होत्या आणि त्यांचाच आवाज सगळ्यांत वर होता. अंधार पडेपर्यंत कुणी उठलं नाही. निघताना मामींनी सलीमला दटावून सांगितलं, पुढच्या रविवारी पेटीवाल्यांची कॅसेट लाव, बघू ही दोघं काय बोलतात ते.

आता तुम्हाला खरं सांगते. मला गिरणीवाले अजून तेवढे आवडत नाहीत. त्यांचं गाणं संपलं की आजही बरं वाटतं. पण ते इतकं लांबवत का वाजवतात, हे मला परवा थोडं कळलं. त्यांना कुठं पोचायची घाई नसते. माणूस शेजारी येऊन बसेपर्यंत ते थांबतात. घ्या, हा माझा तुमच्या बँडला पहिला खरा नैवेद्य. उशिरा दाखवतेय, पण गोड मानून घ्या.

तुमची जागा आम्ही रिकामी ठेवली असती, तर सगळे तिथं फुलं वाहत बसले असते. मला तिथं फुलं नकोत, तावातावानं बोलणारं माणूस हवंय. म्हणून मी फुटले. आप्पा तुम्हाला भेटतील तेव्हा मला गद्दार म्हणतील. म्हणू द्या.

वचन देते, मामा. अंगात जोर आहे आणि शिरूर–दौंड गाडी चालू आहे, तोवर दर रविवारी मी तुमच्या बाजूनं भांडेन. बहुतेक वेळा हरेन, कारण आप्पा पक्के आहेत आणि आता मामीही विरोधात गेल्यात. पण गिरणीवालेच मोठे, असं आप्पांना पुन्हा कधी म्हणू देणार नाही.

तुमची,
फुटून तुमच्या पक्षात आलेली,
मंदा